मे महिन्यातलं हिरवं अळू

पाणी बचत पथकात नोकरी लागली की किस्से शोधत फिरावं लागत नाही. नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखे ते आपोआप साठतात. रेवदंड्याहून मुरुडला जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, उगाच साहेबांना संशय यायचा!

पथकात आम्ही तिघं. कदम साहेब, प्लंबर नझीर आणि नोंदी ठेवणारी मी. साहेबांचा जगात कुणावर विश्वास नाही. एखाद्याचा नळ गळत असला तर हा माणूस बेफिकीर. गळत नसला तर आपण येणार हे याला आधी कळलंच कसं?

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या नजरेत आली हौसामावशी. जेटीजवळ तिची खानावळ. नवरा गेल्यापासून तिचं घर त्यावरच चालतं. आम्ही तिघंही दुपारी तिथंच जेवतो आणि साहेब अळवाचं फतफतं दोनदा मागून घेतात. तर तिचा शेजारी ऑफिसात येऊन सांगून गेला, की नळाला पाणी दिवसाआड, मग हिच्या मागच्या दारचं अळू मे महिन्यात हिरवंगार कसं?

चोरटं कनेक्शन निघालं तर पाणी तोडायचं. म्हणजे ऐन सीझनला खानावळ बंद. साहेब म्हणाले, आधी इतर तपासण्या उरकू, म्हणजे ती बेसावध राहील.

* * *

पहिल्यांदा गेलो एका रिटायर्ड गुरुजींकडे. साहेबांनी फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं तर आत झाकण घट्ट लावलेली बाटली! साहेबांचे डोळे चमकले. बाटली उघडून त्यांनी वास घेतला, मग नझीरला घ्यायला लावला.

"पाणीच आहे," नझीर म्हणाला.

"तेच तर. पाणी लपवून कोण ठेवतं?"

गुरुजींनी शांतपणे आमच्याच पथकाचं पत्रक पुढं केलं. टाकीत भरलेली बाटली ठेवा, दर फ्लशला तेवढं पाणी वाचेल, असं त्यात आम्हीच छापलं होतं. साहेबांनी ते उलटसुलट वाचलं आणि विचारलं, "हे तुमच्यापर्यंत पोचवलं कुणी?"

* * *

मग तो लॉज. सगळ्या गावात सर्वांत कमी पाणी वापरणारा, म्हणून आम्हीच मालकाचा शाल-नारळ देऊन सत्कार केलेला. खोल्याखोल्यांत पाट्या, टॉवेल रोज धुवायला टाकू नका. साहेबांना मात्र चैन पडेना. एवढी बचत माणूस करूच शकत नाही म्हणे.

नझीर मीटरपाशी वाकला आणि हसायलाच लागला. मीटरच उलटा बसवलेला, त्यावरचा बाण उलट्या दिशेला! जितकं पाणी वापरावं तितका आकडा कमी होत होता.

मालक अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "साहेब, बचत म्हणजे आणखी काय असतं?"

साहेबांनी दंड लावला आणि शाल परत घेतली. नारळाची तोवर चटणी झाली होती.

* * *

शेवटी हौसामावशीचा नंबर आलाच. ती हात पुसत मागच्या दारी आली. अळवाला पाणी कुठून घालतेस, असं साहेबांनी विचारलं.

"मी पानी घालीतच न्हाय त्याला."

हे ऐकून साहेबांची खात्रीच पटली. म्हणाले, खणा. मावशी पदर धरून बाजूला सरली. मला तिच्याकडे बघवेना.

नझीरनं अळू उपटलं, कुदळ मारली आणि खालून पाणी उसळलं. चिखल बाजूला केला तर जाडजूड पाईप, त्याचा जॉइंट सुटलेला. त्या पाइपाला मावशीकडे जाणारा एकही फाटा नव्हता.

"कुणाचा हा?" साहेबांनी विचारलं.

"आपला," नझीर म्हणाला. "मेन लाईन आहे."

साहेबांनी त्याला पुन्हा एकदा बघायला सांगितलं. त्यानं पुन्हा बघितलं, पाईप आपलाच होता. संध्याकाळपर्यंत जॉइंट बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मावशीला सॉरी मात्र कुणी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात जेवायला बसलो. साहेबांनी ताट निरखून पाहिलं. डाळ होती, बोंबील होते, फतफतं नव्हतं. त्यांनी आधी माझ्या ताटात डोकावलं, मग नझीरच्या.

"मावशी, अळू कुणासाठी लपवून ठेवलंय?"

मावशीनं त्यांना भात वाढला.

"चोरटा कनेक्शन अळवाचा होता, साहेब. तुमीच तोडलात."