फिकट तुकडा

दूध उतू जायच्या बेतात होतं, बायको न्हाणीघरातून गॅस बारीक करा म्हणत होती आणि फिल्मकाका बुटांच्या खोक्याला चिकटपट्टी लावण्यात गुंग होते. तेवढ्यात दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरची शिवणवाली. साडेनऊला सूर्यग्रहण, नातीला दाखवायचं, तर काकांनी मागच्यासारखी एक्स-रेची पट्टी कापून द्यावी, एवढंच तिचं म्हणणं. तुमच्या हातचीच हवी, असंही वर म्हणाली. काकांची मान खाली गेली.

काकांची सगळी नोकरी इस्पितळात एक्स-रे काढण्यात गेली. चौदा वर्षांपूर्वीच्या ग्रहणाला त्यांनी जुन्या फिल्मा कापून जिन्यातल्या प्रत्येक दारी वाटल्या आणि भाव खाल्ला. त्या दिवसापासून शिवणवालीच्या उजव्या डोळ्यात, ऐन मध्यभागी डाग आहे. वरचं मशीन थांबलं की काकांना खाली कळायचं, दोरा तुटला. आता ही एक डोळा मिटून सुई ओवत बसणार.

त्यांनी खोकं पुढे केलं. सूर्याकडे पाठ करायची, टाचणीच्या भोकातून आतल्या कागदावर इवलासा सूर्य उतरतो, तोच बघायचा. फिल्म कुठलीच चालत नाही, हे त्यांना फार उशिरा कळलं. इथे थांबता आलं असतं. आत बायकोने गॅस बंद केला.

"तेव्हा काळ्याभोर पट्ट्या मी घरच्यांना ठेवल्या," काका म्हणाले. "शेवटी कोणाच्या तरी हाताची फिल्म उरली. हाडांच्या फिकट जागेतून आरपार दिसत होतं. मला दिसत होतं, तरी तीच तुम्हाला दिली. म्हटलं, दोन मिनिटं तर बघायचंय."

शिवणवालीने खुर्चीची पाठ धरली. इतकी वर्षं तिने स्वतःलाच बोल लावला होता. नवरा तर सुई अडली की ऐकवायचाच, शेजारणीचे दागिने बघावेत तशी टक लावून बसलीस, मग होणार काय.

डॉक्टर, औषध, म्हणाल ते करतो, काका पुटपुटले.

तिने खोकं काखेत घेतलं.

"मला काही नको. आत्ता वर चला आणि हे आमच्या ह्यांच्यासमोर सांगा."