मंदा तं केव्हाचीच आली

“मंदा तं केव्हाचीच आली. चहा पिऊन गेलीबी.”

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. खाणीच्या टाइम ऑफिसच्या पत्र्याखाली डोमाजीकाका दुसऱ्याच कोणाला तरी सांगत होते. मी त्यांच्या टेबलासमोर गुडघ्यांवर हात टेकून उभी होते, केसांतून पाणी गळत होतं आणि श्वास काही केल्या सापडत नव्हता. माझ्या मुठीत मंदाचा बिल्ला होता. मंदा वर डोंगरावर एका कपारीत बसली होती, पाय मुरगळून. मीच तिला तिथे बसवून आले होते.

पुढचं सांगण्याआधी एक कबूल करते — तुमच्या मासिकाच्या या सदरातले अनुभव मी बहुतेक चिडून वाचते. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... आणि दर वेळी मला वाटतं, या माणसांनी सोबत एक टॉर्च का नेला नाही? माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटातलं, वडील खाणीत सर्व्हेअर. आमच्या घरात भूत हा विषय चेष्टेतही निघत नसे. शिवाय मी स्वतः काहीही पाहिलेलं नाही. पाहिलं ते इतरांनी. मला फक्त त्यांच्यापुढे डोकं आपटावं लागलं.

चिखला गावाच्या पलीकडे मँगनीजची एक लहान खाण आहे. नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या वसाहतीच्या क्रीडा मंडळाने दोनेक वर्षांपूर्वी, ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा, फेब्रुवारीतल्या एका दुपारी शर्यत ठेवली. बॅनरवर लिहिलं होतं ‘भव्य पर्वतीय मॅरेथॉन’. पर्वत म्हणजे आमच्या मागची डोंगरांची रांग, आणि मॅरेथॉन म्हणजे ती चढून, माथ्यावरच्या देवळाला वळसा घालून परत. वाट दाखवायला पी.टी. सरांनी फुटबॉलच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की टाकून घेतली होती. आदल्या संध्याकाळपासून ढग जमत होते. मी धीर करून विचारलं, “सर, पाऊस आला तर?”

“फेब्रुवारीत? बेबी, तू जरा कमी विचार करत जा.”

वसाहतीत साहेबांच्या मुलीला बेबीच म्हणतात, ती वीस वर्षांची झाली तरी.

शर्यतीची एक गोष्ट मात्र चोख होती, आणि ती डोमाजीकाकांची. काका खाणीचे टाइमकीपर. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस फळ्यावरच्या खिळ्यावरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून गळ्यात घालतो आणि वर आला की परत टांगतो. पाळी संपली आणि एक जरी खिळा रिकामा राहिला, तर भोंगा वाजतो. मग कोणी घरी जात नाही, शोधायला माणसं उतरतात. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणं म्हणजे नोकरी गेलीच समजा. डोमाजीकाकांनी हट्टाने शर्यतीलाही तीच पद्धत लावली. “डोंगर काय अन् खाण काय, माणूस गेलाच नं आत,” असं ते म्हणाले.

मुली आम्ही तिघी. डॉक्टरांची भाची पहिल्याच चढावर “माझे शूज खराब होतात” म्हणून परत फिरली. राहिलो मी आणि मंदा. मंदा आंधळगावची, तळ्याखालच्या धानाच्या बांध्यांवरून पळून पळून तयार झालेली, अनवाणी. अंगात भावाची हिरवी जर्सी, गुडघ्यापर्यंत आलेली. ती पुढे, मी मागे. देवळाला वळसा घालेपर्यंत पाऊस सुरू झाला, आणि उतरणीला लागलो तेव्हा सरांची फक्की वाहून गेलेली होती. ढग इतके खाली आले की मुलगे कुठे गेले तेही कळेना. तिथेच एका निसटत्या दगडावर मंदाचा पाय वळला. मी मागे होते तरी तो आवाज मला ऐकू आला.

मी तिला ओढत एका कपारीत नेलं. ती कुडकुडत होती. खांद्यावर घेऊन उतरवायला माझ्यात ताकद नव्हती, तेही तिनेच सांगितलं.

“तू जाय. मानसं घेऊन ये.” मग तिने गळ्यातला बिल्ला काढून माझ्या हातात दिला. “हा दाखव त्याहिले. नाही तं तुयावर कोनी भरोसा नाही करनार. तू तं बोलतबी नाही.”

मी निघाले आणि थोड्याच वेळात गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या. मी पळत असताना एकच विचार डोक्यात होता — तिच्या अंगात ओली जर्सी आहे, आणि संध्याकाळ होत आली आहे.

आणि खाली आले तर हे वाक्य. मंदा तं केव्हाचीच आली.

“ती वर आहे,” मी म्हणाले. मला वाटतं मी म्हणाले. माझा आवाज मुळातच लहान, त्यात पत्र्यावर पाऊस.

डोमाजीकाकांनी माझ्या मुठीतला बिल्ला पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. “आनला का वो बेबीताई! म्या तेच म्हनत होतो, पोरगी आली पन बिल्ला नाही टांगला. हरवला असंन म्हनलं रस्त्यानं.” आणि त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेऊन तिच्या खिळ्यावर टांगून टाकला. तिसाहून जास्त वर्षांची सवय. एकच रिकामा खिळा त्यांना सलत होता, तो मी भरून दिला. माझाही बिल्ला त्यांनी टांगला. मुलगे आधीच परतले होते. फळा भरला.

“काका, तिचा पाय—”

“काही नाही झालं तिच्या पायाले. इथंच तं उभी होती. बंड्या, सांग बे.”

बंडूभाऊ कॅन्टीनचा. त्याने किटली खाली ठेवली. “म्या सोता चहा देल्ला. म्हने, वरतं गार पडून राहिली. गिलास दोन्ही हातानं धरला. हिरवी बनियन, लंबी. मंगा हापिसाच्या मांगं गेली, कपडे बदलाले असंन.”

मी ऑफिसच्या मागे जाऊन आले. तिथे कोळशाचा ढीग होता आणि एक भिजलेलं कुत्रं होतं. परत येऊन सांगितलं.

“मग घरी गेली असेल,” पी.टी. सर म्हणाले. त्यांनीही तिला पाहिलं होतं. मुलींत पहिली आली म्हणून पाठ थोपटणार होते, पण ती चहाकडे वळली. “बेबी, तू फार दमली आहेस. थंडीने असं होतं. माणसाला भास होतात.”

“आंधळगावला? या पावसात? एवढ्या लवकर?”

“या लोकांना सवय असते.”

मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. दर वेळी कोणी तरी मला टॉवेल द्यायचा. एक जण म्हणाला, साहेबांना बोलवा, बेबीताईची तब्येत बिघडून राहिली. बंडूभाऊने आणखी एक चहा पुढे केला. चांगली माणसं होती सगळी, खोटं बोलणारी नव्हती, आणि मला त्यांच्या प्रत्येकाच्या कानाशी जाऊन ओरडावंसं वाटत होतं. पण मला ओरडता येत नाही. कधीच आलं नाही. शाळेत उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. बाहेर उजेड कमी होत चालला होता आणि मुलगे सायकली काढत होते.

मग मी फळ्याशी गेले, मंदाच्या खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि गळ्यात घातला. माझाही काढला. आणि कोणाकडे न बघता पावसात निघाले, डोंगराच्या दिशेने.

मागून डोमाजीकाकांचा आवाज आला, “ओ बेबीताई, बिल्ल्याले हात नाही लावाचा!” मी थांबले नाही. काही क्षण काहीच झालं नाही. मग भोंगा वाजला.

भोंगा वाजला की त्या वसाहतीत कोणी ‘कशाला’ विचारत नाही. पहिल्या चढाच्या आतच खाणीतली माणसं दिवे आणि स्ट्रेचर घेऊन मला गाठत होती. डोमाजीकाका सर्वांत पुढे, छत्री उलटी झालेली, मला रागावत. “एवढी शिकलेली पोरगी, अन् हे कराव? फळा रिकामा करून जाव? काहून?” पण पाय थांबले नव्हते त्यांचे. दोन बिल्ले बाहेर होते, त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं.

मंदा कपारीत होती. जशी बसवली होती तशीच, भिंतीला टेकून. कुडकुडणं थांबलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. घोटा सुजून नारळाएवढा. कपारीपुढे गारांचा पांढरा थर होता, न तुडवलेला. त्यावर पहिली पावलं पडली ती आमची. हे मी दिव्याच्या उजेडात नीट पाहिलं. डोमाजीकाकांनीही पाहिलं, कारण ते त्या थरापाशी थबकले आणि मग त्यांनी आपलं घोंगडं तिच्यावर टाकलं. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

खुलासे भरपूर मिळाले. बाबा म्हणतात, पावसात लोकांनी दुसऱ्याच कोणाला पाहिलं. पण कोणाला? वसाहतीत एवढी लांब हिरवी जर्सी कोणाकडे नव्हती, आणि सर मंदाला आठवडाभर सराव करताना बघत होते. पी.टी. सर म्हणतात, सामूहिक भास. शेजारच्या काकू देवळात नारळ फोडून आल्या, आणि माझ्याही हातून फोडून घ्यायचा त्यांचा आग्रह अजून चालू आहे. मी दोन वर्षं विचार करते आहे. माझ्याकडे एकही खुलासा नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांचा मला कंटाळा आला आहे.

दवाखान्यातलं तेवढं सांगायचं राहिलं.

मंदाला ब्लँकेटांत गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या होत्या. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. खाटेभोवती आम्ही सगळे — डोमाजीकाका, पी.टी. सर, दाराशी बाबा. बंडूभाऊ बिचारा किटली घेऊन धावत आला आणि ग्लास तिच्या तोंडाशी धरला. तिने मान वळवली.

“आता नोको,” ती म्हणाली. “मंगाच तं पेली नं तुमच्याइथं. अद्रक लय होतं. जीभ पोळली माही.”

बंडूभाऊचा हात तसाच राहिला. एरवी कॅन्टीनच्या चहात आलं घालत नाहीत. त्या दिवशी पाऊस म्हणून त्याने ते पहिल्यांदाच टाकलं होतं, आणि मंदाने त्याआधी कॅन्टीनची पायरीही चढलेली नव्हती.

मग डोमाजीकाकांनी खोल श्वास सोडला. “म्या काय म्हनत होतो?”

“म्हणजे ती आली होती,” पी.टी. सर म्हणाले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की ते हसले. “चला, प्रश्न मिटला. बेबी, ऐकलंस ना? स्वतः सांगते आहे ती.”

बंडूभाऊ मान हलवत होता. बाबासुद्धा माझ्याकडे बघत होते, समजुतीने, जणू चूक माझी होती आणि ती त्यांनी माफ केली होती. मंदा झोपी गेली होती. माझ्या बुटांत चिखल होता, दोन्ही बिल्ले अजून माझ्याच गळ्यात होते. आणि मी बोलले, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या खोलीतून कंपाउंडर धावत आला —

“मग डोंगरावरून आपण कोणाला उचलून आणलं?”