उणे अकरा मतांचं उत्तर

लीलाधर नानांना प्रश्न विचारावाच लागत नसे, उत्तर आधीच तयार असे. यावल तालुक्यातल्या त्यांच्या गावात कोणी वाटसरू त्यांच्या बांधावर पाणी प्यायला थांबला, की नाना त्याला केळीला पाणी कधी सोडावं ते सांगायला लागत. समोरचा घाईत आहे की त्याची बस चुकतेय, हे बघण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. शेवटी शहाणी माणसं नानांचा बांध टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागली. तेव्हा सून कामिनीने यावर तोड काढली. तिने नानांच्या मोबाईलवर ‘विचारपूस’ उघडून दिलं.

‘विचारपूस’ म्हणजे शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना प्रश्न विचारायची जागा. कोणीही विचारावं, कोणीही उत्तर द्यावं. उत्तर पटलं तर वाचणाऱ्याने वरचा बाण दाबायचा, म्हणजे उत्तर देणाऱ्याला दहा गुण. नाही पटलं तर खालचा बाण. त्यात उत्तर देणाऱ्याचे दोन जातात आणि दाबणाऱ्याचाही एक जातो, म्हणजे कोणी उगाच उठून दगड मारत सुटू नये. ज्याने प्रश्न विचारला, तो आपल्याला उपयोगी पडलेल्या उत्तरावर हिरवी खूण करतो, तिचे पंधरा. कामिनीने हे सगळं नीट समजावलं. नाना म्हणाले, म्हणजे आता आपल्या बोलण्याला कोणीतरी मोजणारं आलं. त्या दिवसापासून गडी ओट्यावर मोबाईल घेऊन जो बसला, तो बसलाच.

आता बढाईखोर म्हणाल तर नाना होतेच. पण पोकळ नव्हते. उभा जन्म केळीत गेलेला, बागेत पाय टाकला की झाडाला काय हवंय ते त्यांना कळायचं, आणि सांगताना ते हातचं राखत नसत. दोन वर्षांत ते दोन हजार गुणांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. दोन हजार झाले की नावापुढे ‘जाणता’ अशी पदवी लागते. गावाला तर कोण आनंद झाला. आमचे नाना जळगाव-धुळ्याच्या लोकांना घरबसल्या शिकवतात, असं जो तो सांगत सुटला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दरवेळी पॅनेल उभं करणारा छगन तर दोन पावलं पुढे. त्याने अभिनंदनाचा फ्लेक्स छापूनही आणला. फेटा घातलेले नाना, खाली हातभर अक्षरांत ‘जाणता’, त्याखाली ‘समस्त ग्रामस्थ’. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. फ्लेक्स गुंडाळून छगनच्या घरात कपाटामागे उभा राहिला.

आणि नेमका त्याच श्रावणात रुपचंदचा प्रश्न आला.

रुपचंद मुक्ताईनगरकडचा, नानांनी कधी न पाहिलेला शेतकरी. जूनमध्ये लावलेल्या बागेतल्या काही झाडांचा त्याने फोटो टाकला होता. पानांवर पिवळे पट्टे, पान कडक होऊन आकसलेलं. काय करू, एवढंच विचारलं होतं. नानांनी फोटो पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी लिहिलं, हा हरण्या रोग आहे. हे झाड वाचत नाही. आजच मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन पुरून टाका. हा रोग मावा नावाची कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, म्हणून फवारणी करायची ती उरलेल्या बागेसाठी. आजारी झाडाला औषध नाही.

त्याच प्रश्नावर धुळ्याकडच्या सुकदेव आबांनीही उत्तर दिलं. आबा कापसातला दादा माणूस, ‘विचारपूस’वर नानांच्याही वरचढ. त्यांनी दोन औषधं एकत्र करून फवारा म्हणून सांगितलं, आठ दिवसांत पान हिरवं होईल. मनाने ते चांगलंच सांगत होते, पण कापसाचा चष्मा लावून केळीकडे बघत होते. आणि लोकांचं काय हो, गोळी देणारा डॉक्टर सगळ्यांनाच आवडतो. आबांच्या उत्तरावर वरच्या बाणांचा पाऊस पडला. नानांच्या उत्तराला सगळे खालचे बाण. उणे दोन, उणे पाच, करता करता उणे अकरा. हातातोंडाशी आलेली पदवी मागे सरकली, आणि वर खुद्द रुपचंदने लिहिलं, “नाना, तुमचं उपटायला काय जातं? झाडं माझी आहेत.”

हे वाक्य नानांना फार लागलं. ते दोन दिवस ओट्यावर बसले नाहीत. जेवताना भाकरीशी भांडल्यासारखे जेवत होते. कामिनीला राहवलं नाही. तिने सांगितलं की नाना, आपलं उत्तर आपल्याला काढून टाकता येतं, आणि ते काढलं की त्यापायी गेलेले गुणही परत मिळतात. एक बोट लावायचं, विषय संपला. नाना तिच्याकडे बघतच राहिले.

“पोरी, ती काय दारातली रांगोयी हाये, नई आवडली तर पुसाले?”

नाना पुसणार नाहीत हे छगनला कळलं, तेव्हा त्याने प्रकरण आपल्या हाती घेतलं. मतांचाच प्रश्न आहे ना, मग मतं छगनने नाही आणायची तर कोणी? संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला त्याने धरलं, डेअरीच्या वायफायवर मोबाईल जोडून दिला, ‘विचारपूस’वर नाव घालून दिलं आणि नानांच्या जुन्या-नव्या उत्तरांवर वरचा बाण दाबून घेतला. ज्याला बाण सापडेना, त्याचं बोट धरून दाबलं. रात्रीपर्यंत नाना ‘जाणता’ होऊन वर भरपूर शिल्लक. नानांनीही ते पाहिलं. खरं सांगायचं तर घटकाभर त्यांना गोडही वाटलं.

सकाळी सगळं भुईसपाट. ‘विचारपूस’च्या पंचांनी कळवलं होतं की एकाच ठिकाणाहून एकाच माणसाला ठरवून दिलेली मतं धरली जात नाहीत, ती रद्द केली आहेत, आणि पुन्हा असं झालं तर नानांचं खातं बंद होईल. नानांची मान आयुष्यात पहिल्यांदा खाली गेली. ते तडक छगनच्या घरी गेले. छगन म्हणाला की गावाचं प्रेम होतं ते, त्यात काय चुकलं.

“गावात मत मानसाले देतात, छगन,” नाना म्हणाले. “आठी मोबाईलवर सांगतलेल्या गोष्टीले द्या लागते. एवढ्या लोकांनी बान दाबला, एकानं तरी माहं उत्तर वाचलं का?”

छगनने वाचलं नव्हतं. कोणीच वाचलं नव्हतं.

इथवर जे झालं ते मोबाईलमधलं. पण मग झुंबरबाई, म्हणजे नानांची बायको, निंदायला बागेत गेली आणि निम्म्यातून परत आली. ती उगाच बोलणारी बाई नव्हती. तिने नानांना हाताने खूण केली आणि पूर्वेच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. गुडघ्याएवढी झाडं, पानांवर पिवळे पट्टे. एका ओळीत सुरू होऊन शेजारच्या ओळींत शिरलेले.

दुसऱ्याचा फोटो पाहून क्षणात निकाल देणारे नाना त्या झाडांभोवती घिरट्या घालत राहिले. एकदा म्हणाले, खत कमी पडलं असेल. एकदा म्हणाले, ढगाळ हवेने होतं असं. घरची रोपं, पोरासारखी जपलेली. उपटायची म्हणजे कोपरा बोडका होणार, रस्त्यावरून सगळ्यांना दिसणार. आणि न उपटली तर कोणाला कळणार होतं? नाना बांधावर बसले, मोबाईल काढला आणि सुकदेव आबांचं उत्तर उघडून औषधांची नावं परत परत वाचायला लागले. झुंबरबाई मागे उभी राहून ते बघत होती.

“काहो,” ती म्हणाली, “रुपचंदले सांगतलं ते आपल्याले लागू नई का?”

नाना उठले. फावडं त्यांनीच हातात घेतलं, गड्याला हात लावू दिला नाही. झुंबरबाई उपटलेली झाडं ओढून बागेबाहेर नेत होती, कामिनी गड्याकडून खड्डा करून घेत होती. एकेक झाड निघताना नानांच्या तोंडून हुंकार निघत होता, आणि तो दमल्याचा नव्हता. काम संपलं तेव्हा कामिनीने मोकळ्या कोपऱ्याचा फोटो काढला. नानांनी तो आपल्या त्या उणे अकराच्या उत्तराखाली लावला आणि लिहिलं, “रुपचंदभाऊ, तुम्ही विचारलं होतं, माझं उपटायला काय जातं. आता सांगतो. आज माझी उपटली. पोटात तुटतं. तरी उत्तर तेच आहे.”

त्यावर काहीच झालं नाही. अकरा ते अकराच राहिले. नाना मात्र पुन्हा ओट्यावर बसू लागले, पहिल्यासारखे, छाती काढून. गुण कुठवर आले ते बघायचं त्यांनी सोडलं.

गणपती उठल्यावर एका दुपारी कामिनी मोबाईल घेऊन धावत आली. रुपचंदने हिरवी खूण केली होती. आधी फवारणी केली, रोग वाढतच गेला. मग तुमचा फोटो पाहिला आणि उपटली, असं त्याने लिहिलं होतं. उरलेली बाग उभी आहे, नाना, रागात बोललो ते मनावर घेऊ नका. आणि त्याखाली खुद्द सुकदेव आबा. आबांनी आपलं भरघोस मतांचं उत्तर काढून टाकलं होतं, त्याचे सगळे गुण सोडून दिले होते आणि आपल्या अहिराणीत लिहिलं होतं, “नाना, तुमनं बठ्ठं खरं शे. केळीमा आते मी तुमलेच इचारसू.”

नानांनी ते ‘तुमचं सगळं खरं’ दोनदा वाचून घेतलं. डोळे पुसले आणि ते लपवलेही नाहीत. सुकदेव खरा मोठा माणूस, असं पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते.

त्यानंतर ओळखीपाळखी नसलेल्या माणसांचे वरचे बाण येत गेले. उणेचं शून्य झालं, शून्याचं वाढत गेलं, आणि दिवाळीच्या आधीच नाना ‘जाणता’ झाले. छगन कपाटामागचा फ्लेक्स काढून घामाघूम होत आला. नानांनी तो उलगडला, फेट्यातल्या स्वतःला डोळे भरून पाहिलं, झकास छापलाय म्हणून छगनची पाठ थोपटली आणि दुसरा छापून आणायला सांगितलं. मजकूरही त्यांनीच दिला.

तो फ्लेक्स आता गावच्या बसथांब्यावर आहे. वर हातभर अक्षरांत ‘हरण्या दिसला की उपटा’. खाली दोन फोटो, नाना आणि झुंबरबाई. रोग आधी तिला दिसला, मग फोटो माझा एकट्याचा का, असं नाना म्हणाले होते. झुंबरबाईने त्यावरून घर डोक्यावर घेतलं, आठवडाभर थांब्याकडे फिरकली नाही, आणि नंतर काही काम नसतानाही तिकडून जाऊ लागली.

परवा बसमधून एक अनोळखी शेतकरी उतरला. फ्लेक्स वाचला, शेजारी उभ्या बाईला ओळखलं नाही, आणि विचारलं की हे उपटा म्हणणारे नाना कुठे राहतात.

“म्हननारे नई, उपटनारे,” झुंबरबाई म्हणाली. “चला, घर दाखवते.”