ही तर आधीच आहे

खोटं कशाला बोलू, मी त्या पोरीवर जळत होते. आतून अगदी धडधडून जळत होते.

नंदुरबारला आमचं नोकऱ्या लावून देणारं छोटं ऑफिस आहे. माझं काम म्हणजे नवा अर्ज आला की तो माणूस आमच्या कॉम्प्युटरात आधीपासून आहे का ते तपासायचं. नाव, जन्मतारीख आणि मोबाइल जुळला की जुनी नोंद उघडायची. त्यात ‘न सांगता नोकरी सोडली’ असं लिहिलेलं असेल, तर अर्ज बाद. सहा वर्षं हे मी एकटीने केलं. मी हो म्हटल्याशिवाय सर यादी पुढे पाठवत नसत.

मग ती पोर ऑफिसात कामाला आली, धडगावकडची. डोंगरातली पावरी बोली बोलणारी. डोंगरातून उतरलेली माणसं दारातूनच तिला हाक मारत तिच्या टेबलाशी जायची. मी खाली सपाटीवरच्या सारंगखेड्याची, माझ्याशी ती माणसं शाळेतल्यासारखी मोजून-मापून बोलायची. सर तर पार पाघळले होते. मला म्हणाले, “देखा ताई, हाई पोर कामनी शे.” कामाची म्हणे! अहो, तिला माउस धरायला कुणी शिकवलं? मी! पण ते कुणाच्या लक्षात राहतंय?

पावसाळा सरत आला होता. तेव्हा तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची मुलगी तिच्याकडे आली. सुरतेच्या एका दवाखान्यात मदतनीस हव्या होत्या, यादी त्याच दुपारी जायची होती. मुलगी बारावी झालेली, किडकिडीत, कागदांची पिशवी छातीशी धरून बसलेली. मी तपासलं. नाव जुळलं, तारीख जुळली, मोबाइलही जुळला. जुनी नोंद नोकरी सोडून गेलेल्या बाईची होती.

आता यातली गंमत मला ठाऊक नव्हती असं नाही. आश्रमशाळेत गुरुजी अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावून टाकतात. नावं-आडनावं पाड्यापाड्यांत तीच तीच. आणि नंबर, जिथे रेंज येते तिथल्या दुकानदाराचा. म्हणून मी नेहमी फोटो आणि बापाचं नाव बघते, त्याशिवाय शेरा मारत नाही. त्या दिवशी बघितलं नाही. म्हटलं, “ही तर आधीच आहे. पळालेली आहे.”

“मी कधीच गेली नाही कुठे,” मुलगी म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात.”

धडगावच्या पोरीने माझ्याकडे बघितलं. “ताई, फोटो बघितला?”

“बघितला.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि मुलीला पावरीत समजावत बसली. तिने थोडं भांडावं, असं मला फार वाटत होतं. ती भांडली नाही. मुलगी पिशवी घेऊन जीप पकडायला गेली, यादी तिच्याशिवाय गेली.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी जुनी नोंद उघडली. गोल चेहऱ्याची, हनुवटीवर गोंदलेली भलतीच बाई. बापाचं नाव वेगळं, पाडाही वेगळा. दवाखान्यात फोन केला, तर एक जागा अजून रिकामी होती. देव पावला म्हणत मी दुकानदाराला फोन लावला. मुलीला बोलवा म्हटलं.

“ती तर सकाळीच गेली,” तो म्हणाला. “मुकादमाची गाडी आली होती, आईबापासंगं गुजरातला ऊस तोडायला. बारावी झालेली पोर, बाई. रडत गेली. तुम्ही ना का म्हटलं तिला?”

“चूक झाली,” मी म्हटलं. “तपासण्यात.”

“तपासलं कोणी होतं?”

मी धडगावच्या त्या पोरीचं नाव सांगितलं.