देठ लावला की होते

हिंगोली जिल्ह्यात लेकरांच्या शीवर माझ्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम करणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, आणि येऊही नये, असं मावशीचं स्पष्ट मत आहे. काका लेकरांचे डॉक्टर. बाकीचे लोक भेटल्यावर सोयाबीनचा भाव विचारतात, काका समोरच्याच्या कडेवरचं लेकरू बघून थेट म्हणतात, "आज झाली का?" उत्तर गोलमोल आलं, तर समोरच्या ताटातली उदाहरणं देऊन रंग विचारतात. एका लग्नात त्यांनी वरणाकडे बोट दाखवून "अशी असली तर फिकीर न्हाई" म्हटलं, तेव्हापासून मावशी पंगतीत त्यांच्यापासून लांब बसते. पण तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली असं कानावर आलं, की हाच गमत्या माणूस चप्पल विसरून धावतो.

मी समाजजागृतीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलो, म्हणून ते मला "पत्रक" अशीच हाक मारतात. "तू बोलत न्हाईस लेका, छापून येतोस!"

काही वर्षांपूर्वी जवळा बाजारला एका बारशाला त्यांनी मला सोबत नेलं. पाळण्याशी जाऊन नेहमीचा प्रश्न टाकला. बाळाची आजी अभिमानाने म्हणाली, "व्हते की! इड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून खालून लावला, की भडाभडा व्हते."

"अन् देठाबिगर?"

"देठाबिगर कंदीच न्हाई. पैली काळी शीबी तिसऱ्या दिशी झाली, देठानंच."

पहिल्या दिवशीच व्हायला हवी ती शी तिसऱ्या दिवशी, हे ऐकताच काकांनी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. खाणं अर्धं टाकलेले काका मी पहिल्यांदाच पाहिले. बाळाचं पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. त्यांनी हात धुतले, करंगळीला तेल लावून शीच्या जागी आतून तपासलं, आणि बोट काढताच मावशीने खास इस्त्री केलेला पांढरा सदरा गळ्यापासून खालपर्यंत रंगला. काका असे उजळले, जणू अंगावर गुलाल पडला. "माझा वहीम खरा निघाला!"

मला राहवेना. देठ, अडाणीपणा आणि झोपलेला समाज यांवर मी उभ्याउभ्या सुरू झालो. काका ओला सदरा अंगापासून लांब धरत म्हणाले, "खाली बस, पत्रक. हिच्या देठानं आजार लपला, बराबर. पन त्याच देठानं पोट मोकळं व्हत गेलं, म्हून लेकरू बारशापत्तुर आलं." मी बसलो.

ऑपरेशनचं नाव निघताच आजीने बाळ छातीशी धरलं. "शी व्हायसाठी पोट फाडता? न्हाई देत म्या."

काका तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "आजी, रस्त्याच्या कामावर घमेली हातोहात म्होरं जातात का न्हाई? आतड्यात तसंच अस्तंय. तुमच्या नातवाच्या आतड्याच्या टोकाला ढकलणारे गडीच जन्मापासून न्हाईत. मागं ढीग साचून राहिला. तेवढा भाग काढायचा, चांगलं आतडं खाली ओढून जोडायचं."

"अन् देठच लावत राहिले तर?"

"एक दिवस आतड्यात जहर व्हईल. मंग देठबी कामाचा न्हाई अन् मीबी."

आजीने बाळाच्या पोटावरून हात फिरवला. मग स्वतःच उठली. "चला. पन तुमीबी संगं या."

काका त्याच सदऱ्यावर जीपमध्ये चढले. नांदेडला औषध भरून आतड्याचे फोटो काढले, एक बारीक तुकडा तपासला. वहीम पक्का ठरला आणि लेकरांच्या सर्जनने ऑपरेशन केलं. त्यानंतर परत येऊन काका आपल्या दवाखान्यात फोनला चिकटून बसले होते. अखेर फोनवर आजीचा आवाज आला, "डॉक्टरसाब, झाली! आपली आपून झाली!" काकांनी पेढे आणून तिथे बसलेल्या सगळ्या पेशंटना वाटले आणि पेढा तोंडापाशी गेल्यावर त्याचं कारण सांगितलं. बऱ्याच जणांनी तो कागदात बांधून घेतला.

पुढे दोन-तीन वर्षं काकांकडे तपासणीसाठी येऊन ते लेकरू यायचं थांबलं. बरी झालेली लेकरं येत नाहीत. काका म्हणतात, तीच खरी फी. परवा जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मात्र ती आजी दिसली. तिचं बोट धरून एक दांडगं पोरगं गोडीशेव खात चाललं होतं. मी म्हणालो, "काका, बोला ना!"

काका पोत्यांच्या थप्पीआड सरकले. "नको. मला पाह्यलं की त्याला सुया आठवतील. खाऊ दे."

ते दोघं गर्दीत दिसेनासे होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.