अक्कांची तहान

पालीजवळ बिंदुसरेच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं की अक्का गाडीची काच खाली करायला लावायच्या. त्या दिवशी त्यांच्या हातात तेवढंही बळ नव्हतं, म्हणून मीच काच खाली केली. बीडहून डायलिसिस करून आम्ही गावाकडं निघालो होतो. पुढं ड्रायव्हरशेजारी त्यांचा मुलगा बाळू, मागं आम्ही दोघी जावा. अक्का पाण्याकडं बघत राहिल्या. "यंदा लई भरलंय," एवढंच म्हणाल्या आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मशीनवरून उठल्यावर त्यांना अशी गुंगी यायचीच, त्यामुळं मी हलले नाही. गाडी घाट चढून मांजरसुंब्याला आली तेव्हा मला खांद्यावरचं ओझं वेगळं वाटायला लागलं... मी बाळूला हाक मारली. त्यानं मागं वळून बघितलं आणि ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगितली.

अक्का गेल्या त्याला आता दीडेक महिना होईल. अजून माणसं भेटायला येतात. सरपंचबाईंनी रस्ता केला, पाण्याची टाकी बांधली, शाळेला कंपाउंड घातलं, असं सांगतात आणि चहा घेऊन उठतात. ते सगळं खरंच आहे. पण मी अक्कांच्या शेजारी गाडीत बसून तालुक्याला आणि जिल्ह्याला हिंडलेली बाई आहे. त्यांनी साखरेचा आजार अंगावर घेऊन ही कामं कशी केली, त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलण्यासारखी गोष्ट नाही असं लोकांना वाटत असावं. म्हणून मी लिहिते आहे.

अक्का म्हणजे सुमनबाई, माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, अंगापिंडानं भक्कम, रानातलं कुठलंही काम गड्याच्या बरोबरीनं ओढणाऱ्या. आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि पॅनेलच्या माणसांनी दिरांना विचारून अक्कांचं नाव घातलं. खुर्चीत अक्का, कारभार उपसरपंचाचा, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पहिल्याच बैठकीला उपसरपंचानं सहीसाठी कागद पुढं केला. अक्का म्हणाल्या, "आधी वाचून दावा." त्यानं हसून दिरांकडं बघितलं. दीर खाली बघत होते. दुसऱ्या बैठकीपासून मी अक्कांच्या सोबत जायला लागले, कारण मी बी.ए. झालेली, कागद मला वाचता यायचे.

त्याच वर्षी गावात आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती, पण बायका बोट टोचून घ्यायला पुढं येईनात. अक्का उठल्या, सिस्टरपुढं बसल्या आणि हात पुढं करून मागच्या बायकांना म्हणाल्या, "बगा, मुंगी चावल्यावानी हाय." सिस्टरनं मशीनकडं बघितलं, पुन्हा बघितलं आणि दुसरं बोट मागितलं. आकडा तीनशेच्या पुढं होता. सिस्टर हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली, तर अक्कांनी तिचा हात दाबला. "त्ये मागून सांगा. आत्ता पुढची बाई बोलवा, न्हाईतर समद्या उठून जातील." त्या दिवशी सगळ्या बायकांची तपासणी होईपर्यंत त्या तिथंच बसून राहिल्या. घरी येताना रस्त्यात मला म्हणाल्या, "उगं न्हाई मी रात्रीत चार चार येळा उठत." एवढंच.

गोळ्या सुरू झाल्या आणि अक्कांनी आजाराला रानातल्या कामासारखं अंगावर घेतलं. भात बंद केला. दीड भाकरी, पातळ वरण, मेथी किंवा शेपूची भाजी. सणाला सगळ्या घराला पुरणपोळ्या वाढून स्वतः कटाची आमटी आणि भाकरी घेऊन बसायच्या आणि कुणी हळहळलं की विषय बदलायच्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून दिवस उगवायच्या आधी सडकेनं निघायच्या, नऊवारीखाली बाळूचे जुने बूट घालून. गावात त्याच्यावर बरंच बोलणं झालं. पावलं बधिर व्हायला लागली तेव्हा संध्याकाळी ओसरीवर बसून मला तळवे बघायला लावायच्या. काटा, चीर, फोड, काही आहे का... त्यांना स्वतःला कळायचं नाही. मी बोट दाबून "इथं दुखतंय का" म्हणून विचारायचे आणि त्या बऱ्याचदा म्हणायच्या, "दाबलंस का? दाब की मग."

घरातलं हे सगळं त्यांना जमलं. अडचण उंबऱ्याच्या बाहेर होती. सरपंच म्हटल्यावर दारोदार जाणं आलं आणि गेलं की चहा आला. सुरुवातीला त्या बिनसाखरेचा मागायच्या. मग एका आळीत बोलणं उठलं, की सरपंचबाई आमच्या घरचं तोंडाला लावत नाहीत, आम्ही दुसऱ्या पार्टीचे म्हणून. अक्का त्याच आळीत परत गेल्या आणि चार घरचा गोड चहा पिऊन आल्या. मी रागावले तर म्हणाल्या, "दर घरी काय डाक्टरचा कागद घिऊन हिंडू का मी?"

पण चहापेक्षा वाईट गोष्ट होती ती पाण्याची. साखर वाढलेल्या माणसाला तहान लागते आणि पाणी प्यालं की सारखं जावं लागतं. घरी त्याचं काही नव्हतं. तालुक्याला जायचं म्हणजे गावातली एक जीप, त्यात उपसरपंच, सदस्य, कुणाचे कुणाचे पाहुणे आणि आम्ही दोघी बायका. वाटेत जीप थांबायची. गडी माणसं उतरायची, बाभळीकडं तोंड करून उभी राहायची, तंबाखू मळत परत यायची. आम्ही दोघी दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसायचो. कचेरीत पोचलो की तिथं बायकांच्या दाराला कुलूप, नाहीतर दारच नाही. साहेब आत्ता येतील, मग येतील, करता करता ऊन उतरायचं. अक्कांनी त्याच्यावर एकच उपाय काढला. जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणं बंद. तोंडात लवंग धरायच्या. जीभ टाळ्याला चिकटली की पदराचं टोक ओलं करून ओठांवरून फिरवायच्या. संध्याकाळी घरी आल्या की आधी मोरीत जायच्या आणि मग उभ्यानंच तांब्या तोंडाला लावायच्या. त्यांच्या गळ्याचा तो आवाज मी कितीदा ऐकला आहे.

लघवीच्या जागी आग, थंडी वाजून ताप, असं वरचेवर व्हायला लागलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "पाणी पिता का भरपूर?" अक्का म्हणाल्या, "घरी असल्यावर पिते की." "आणि बाहेर?" अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं, जीपचं, कचेरीचं. डॉक्टर म्हणाले, "तरी प्यायला पाहिजे, मावशी," आणि गोळ्या लिहून दिल्या. दुसरं ते काय लिहिणार होते...

एकदा ग्रामसभेत अधिकारी यायला उशीर झाला. अक्कांनी गोळी घेतली होती आणि जेवण राहिलं होतं. माणसं जमलेली, रस्त्याच्या कामावरून आवाज चढलेले. अक्कांच्या कपाळावर घाम आला, हातातला कागद थरथरायला लागला. समोरून कुणीतरी म्हणालं, "बाई भ्याली बे." लोक हसले. त्यांची साखर एकदम उतरली हे मी ओळखलं, पळत शेजारच्या घरातून मूठभर साखर आणली आणि अक्कांच्या तोंडात घातली. त्यांनी डोळे मिटून ती चघळली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हां. आता बोला, कावून थांबलं काम?" त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकानं नंतर घरी येऊन माफी मागितली. बाकीच्यांना ते भ्यालेपणच वाटलं असेल.

पुढं एका मोठ्या बैठकीत, जिथं गावोगावचे सरपंच जमले होते, अक्का उभ्या राहिल्या. पुरुषांनी भरलेल्या त्या हॉलमध्ये बायका मोजक्या आणि मागच्या रांगेत. अक्का म्हणाल्या, "सायेब, हितं बायाला जायला जागा कुठं हाय?" हॉलमध्ये खसखस पिकली. साहेब म्हणाले, "ताई, हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही." अक्का म्हणाल्या, "माज्या पत्रिकेवर रोज असतो." कुणी हसलं नाही. पण झालंही काही नाही. तेव्हा त्यांनी निदान आपल्या गावात, आठवडी बाजाराच्या जागेवर, बायकांसाठी संडास-मुतारी बांधून घेतली. ती अजून आहे. दाराची कडी निघून गेली आहे, म्हणून बायका दोघी दोघी जातात. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी राहते.

पाच वर्षं संपली. पद सर्वांसाठी खुलं झालं. दीर म्हणाले, "बास झालं. तब्येत बग." मी तिथंच भाजी निवडत होते. अक्का म्हणाल्या, "तीस वर्सं मी तुमची बायको, बाळूची माय, अमक्याची सून. आत्ता कुटं लोक मला सुमनबाई म्हणायलेत. यवडं मला ऱ्हाऊ द्या." दिरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. अक्का पुरुषांच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. प्रचाराच्या धामधुमीत चालणं सुटलं, जेवणाच्या वेळा सुटल्या, दारोदारचा गोड चहा पोटात गेला. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या त्या शेंगदाण्यासारख्या खायच्या. गुलाल अंगावर घेऊन घरी आल्या तेव्हा पाय इतके सुजले होते, की बूट काढताना बाळूला लेस कापावी लागली.

मग इन्शुलिन आलं. डोळ्यांत रक्त उतरलं, लेझर झालं. आणि एक दिवस बीडच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत. साखर, रक्तदाब, दुखण्यावरच्या गोळ्या, सारखं सारखं होणारं इन्फेक्शन, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. अक्का ऐकत होत्या. बाहेर आल्यावर बाकावर बसल्या आणि विचारलं, "पाण्याचं काय म्हनला त्यो?" मी सांगितलं, की आता पाणी मोजूनच प्यायचं. अंगात साठतं, छातीत भरतं. दिवसाला एवढंच. अक्कांना हसू आलं, पण ते बघवत नव्हतं. "इतकी वर्सं पी पी म्हनत हुते," त्या म्हणाल्या, "तवा पिता येत न्हवतं. आता घरात बसून हाय, तर पिऊ नगं म्हनतेत."

आठवड्यातून दोनदा बीड. जाताना त्या बोलायच्या, येताना नाही. राहिलेली मुदत त्यांनी खाटेवरून काढली. उपसरपंच कागद घेऊन यायचा, मी वाचून दाखवायचे. डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच म्हणायच्या, "ते मागचं परत वाच." ह्या दिवसांत दिरांनी त्यांच्या पाण्याची जबाबदारी स्वतःकडं घेतली होती. फुलपात्र भरायचे, त्यातलं थोडं परत ओतायचे आणि उरलेलं त्यांच्या हातात द्यायचे. उन्हाळ्यात अक्का घोट तोंडात धरून ठेवायच्या, गिळायच्याच नाहीत. एकदा दिरांचा हात धरून म्हणाल्या, "येक डाव पोटभर पाजा की. मग मेले तर मेले." माझे दीर फार बोलणारे नाहीत. ते फुलपात्र खाली ठेवून बाहेर गेले आणि गोठ्यापाशी उभे राहिले. मी अक्कांच्या हातावर बर्फाचा खडा ठेवला. तो त्यांनी तोंडात घातला आणि विरघळेपर्यंत डोळे मिटून घेतले.

माणूस गेलं की घर हळूहळू आपल्या कामाला लागतं, तसं आमचंही लागलं आहे. माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जाते, सकाळच्या बसनं जाते आणि दुपार कलल्यावर येते. परवा तिची बॅग धुवायला काढली. बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली जड लागली. सकाळी मी भरून दिली होती, तशीच काठोकाठ होती. मी तिला विचारलं, "पाणी प्यायली नाहीस?" ती मोबाइल बघत होती. "न्हाई. तिथं जायला जागा नीट न्हाई, आई. प्यालं की मग दाबून धरून बसावं लागतं." तिनं ते अगदी सहज सांगितलं. आणि पुढं म्हणाली, "मोठी आईबी असंच करायची की."

मी बाटलीचं झाकण काढून ती तिच्या हातात दिली आणि तिनं शेवटचा घोट गिळेपर्यंत समोरून उठले नाही.