कोरगावची खोप आणि विमानाची बॅटरी

पोलिसाच्या नोकरीत मी आगी पुष्कळ पाहिल्या, पण कोरगावच्या काजूच्या बागायतीतली ती जळकी खोप मी अजून विसरलेलो नाही.

खोप म्हणजे बागेतली झोपडी; ती होती एका काकांची. डिचोलीकडच्या खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांनी नोकरी केलेली. निवृत्तीनंतर त्यांनी रिमोटवर उडणारं विमान बनवलं आणि काजूवरची माकडं हाकलायला लागले. ते विमान उठलं की दोडामार्गापर्यंतची माकडं कानांवर हात ठेवत, असं गाव सांगायचं. मी त्यातलं निम्मंच मानतो. पण काकांची माकडं शेजाऱ्याच्या बागायतीत गेली हे खरं. तिथे ती अशी स्थिरावली की जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढायचंच बाकी होतं.

हा शेजारी चाळिशीतला. दहा वर्षं खटपट करून त्याला जहाजावर खलाशाचं काम मिळालं होतं. त्याने तावेर्नात, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानात, वीसेक माणसांदेखत सांगितलं, "ह्या म्हाताऱ्याचा विमान एक दिस पेटवतलंय."

चार दिवसांनी, दुपारी साडेचारला, खोप विमानासकट पेटली. काका-काकू तेव्हा नार्व्याला देवळात गेले होते. स्थानकात निनावी फोन आला: खलाशी कुंपणापाशी दिसला होता. संध्याकाळी काकांनी रीतसर तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दोघांनाही बोलावलं.

खलाशी बाकावर बसला. मांडीवर कागदांची पिशवी. तिचे बंद तो सोडायचा, पुन्हा बांधायचा. पुढच्याच सकाळी त्याला मुरगाव बंदरात हजर व्हायचं होतं. अटक झाली तर जहाज जाणार, आणि अशा माणसाला दुसरं जहाज कोण देतो?

"कुंपणापाशी काय करत होतास?"

"माकडां हाकलीत होतंय, साहेब. दुसरा काय करतलंय?"

"जाळीन म्हणाला होतास ना?"

"म्हणालंय. बायलेक माहेराक धाडतंय, असा पण रोज म्हणतंय. ती हंयच आसा."

हवालदार हसला. मी हसलो नाही. वैर होतं, धमकी होती, जागेवर पाहिल्याची खबर होती. आणखी काय पाहिजे? मी अटकेचा मेमो भरायला घेतला. दुसऱ्या हाताने काकांकडून जळालेल्या वस्तूंची यादी घेत होतो.

"विमान, काजूच्यो चार गोणी, चार्जर."

"कसला चार्जर?"

"विमानाच्या बॅटरेचो. घरी केल्लो. जुन्या रेडिओचो ट्रान्सफॉर्मर घालून."

"तो त्या वेळी चालू होता?"

"होय तर. एकाक लावलंय आणि नार्व्याक गेलंव."

"मग बंद कोणी केला?"

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पहिलीच्या वर्गातून थेट खुर्चीवर आलोय. "बंद कित्याक करूक व्हयो? तीनाक लाईट जाता. दोन तासांत बॅटरी भरता. रोजचाच आसा ता."

माझं पेन थांबलं. आमच्याकडे लाईट गेली की वायरलेस सेट बॅटरीवर जायचा आणि हवालदार ती वेळ स्टेशन डायरीत लिहायचा. मी डायरी वाचायला सांगितली. त्याने पान मागे उलटलं, पुढे उलटलं.

"काल नोंदच नाही, साहेब. बाजूच्या गावात मंत्री उद्घाटनाला होते. दिवसभर लाईट होती."

काकांचा चेहरा पडला, पण मान ताठच. "तीस वर्सां खाणीवर काढलंय मी. माझो चार्जर पेटूचो नाय."

तक्रार मागे घ्यायला ते तयार नव्हते, आणि माझ्याकडे नुसता तर्क. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत जहाज आफ्रिका गाठणार. मी विचारलं, "दुसरा चार्जर आहे?" होता, तस्साच. हवालदार जीप घेऊन गेला आणि बॅटरीसकट घेऊन आला.

अकरा वाजता स्थानकामागे वाळूत बॅटरी ठेवली, चार्जर लावला आणि लांब बसलो. काका म्हणाले, पूर्वीचे निकेलचे सेल जास्त चार्ज झाले तरी नुसते तापायचे. त्यांच्या मुलाने या नव्या लिथियमच्या बॅटऱ्या पाठवल्या. चार्जर मात्र जुनाच राहिला, बॅटरी भरल्यावर आपोआप बंद न होणारा.

एक वाजला. दोन तास झाले; रोज एवढं चार्जिंग झालं की लाईट जायची. आज प्लग तसाच ठेवला. खलाशी घड्याळाकडे बघत होता, काका बॅटरीकडे, आणि मी दोघांच्या तोंडांकडे. दीडला काका म्हणाले, "बघा, काय झाला?" पावणेदोनला बॅटरीचं पाकीट फुगायला लागलं. बघता बघता पुरीसारखं टम्म झालं आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला.

"बंद करा," काका उठून म्हणाले.

हवालदाराने मेन स्विच ओढला. वाळूच्या बादल्या रिकाम्या करून आम्ही ते गाडलं. काका खलाशाच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "लिवा, साहेब. आग माझ्याच चार्जरान लागली. ह्येका सोडा."

त्यांनी जबाबावर सही केली. तीस वर्षांची कारागिरी चारचौघांत खोटी पाडणं सोपं नसतं. खोटे आरोप करणारे मी ढीगभर पाहिले; स्वतःची चूक अशी लिहून देणारा तो एकच.

धमकी ऐकली की आम्हा पोलिसांना गुन्हेगार सापडल्यासारखा वाटतो, आणि मग बाकीचे प्रश्न आम्ही केवळ कागद पुरा करायला विचारतो. यादीतल्या चार्जरचा प्रश्न मी तसाच विचारला होता. शहाणपणाने नव्हे.

निघताना खलाशी वाकून म्हणाला, "उपकार झाले, साहेब." माझ्या टेबलावर त्याच्या अटकेचा मेमो होता. नाव, कलम, माझी सही, सगळं भरलेलं. फक्त वेळ लिहायची राहिली होती. मी त्यावर फाईल सरकवली आणि म्हटलं, "जा, उशीर होईल."